लिव्हरपूलच्या सर्वोत्तम मधल्या फळीत रे केनेडी का हवा

लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबबद्दलचा प्रश्न असा आहे: "लिव्हरपूलची आजवरची सर्वोत्तम मधली फळी निवडायची तर कोणते चार खेळाडू घ्याल? जेरार्ड, अलोन्सो, सूनेस, बार्न्स यांच्यापलीकडे कुणाचं नाव येऊ शकतं का?"

येऊ शकतं नाही, यायलाच हवं. रे केनेडी. आणि तो राखीव खेळाडूंत नाही, पहिल्या चारांत, डावीकडे, बार्न्सच्या जागी.

हा वाद मी बरीच वर्षं घालतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. समोरच्यांचं म्हणणं दर वेळी एकच असतं. १९९२ आधीचं, म्हणजे प्रीमियर लीग सुरू होण्याआधीचं, फुटबॉल संथ होतं, ते मोजायचं कशाला. आपल्याकडे बहुतेकांनी हा खेळ केबल आल्यावर बघायला घेतला, म्हणून क्लबचा इतिहासही तिथूनच सुरू होतो असं धरून चालायचं. लिव्हरपूलने आपली पहिली १८ इंग्लिश लीग विजेतेपदं आणि युरोपियन कपाची (आजची चॅम्पियन्स लीग) पहिली चार त्याआधीच जिंकली होती. सर्वकालीन संघ निवडताना तो काळ वगळायचा असेल तर प्रश्नातला "सर्वकालीन" शब्द काढून टाका.

आधी रचना ठरवा, नावं मग. बहुतेक जण उलटं करतात आणि तिथेच फसतात. चार सर्वोत्तम मिडफिल्डर निवडले की चार जणांची मधली फळी होत नाही. ४-४-२ मध्ये (चार बचावपटू, चार मधले, दोन आघाडीवीर) चार कामं कुणीतरी करायलाच लागतात: मधल्या बचावपटूंच्या पुढची जागा धरून ठेवणं, चेंडू हिसकावून खेळ पुढे नेणं, पेनल्टी क्षेत्रात उशिरा शिरून गोल करणं, आणि फुलबॅक (बगलेचा बचावपटू) वर गेला की त्याच्या मागची मोकळी जागा बघणं. प्रश्नातले चार मांडून पाहा. जेरार्ड आणि बार्न्स दोघंही पुढे जाणार. सूनेसलाही पुढे जायचं असतं. उरला अलोन्सो, आणि त्याच्याकडे वेग नव्हता. चेंडू गमावल्यावर पहिल्या पाच सेकंदांत मैदानाची सगळी रुंदी मधल्या दोघांवर पडते. चांगला संघ एवढी फट सोडत नाही.

आता केनेडी.

१२ जुलै १९७४ ला बिल शँकलीने मॅनेजरपद सोडल्याची बातमी आली. त्याच दिवशी आर्सेनलकडून रे केनेडी घेतल्याचंही जाहीर झालं. शँकलीची ती शेवटची खरेदी, पण तो जातोय या धक्क्यात त्या बातमीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. केनेडी तेव्हा आघाडीचा खेळाडू होता. १९७०-७१ मध्ये आर्सेनलने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले, त्या मोसमात लीगचा निकाल लावणारा टॉटनहॅमच्या मैदानावरचा शेवटच्या मिनिटांतला हेडर त्याचाच. लिव्हरपूलमध्ये मात्र पुढे कीगन आणि टॉशॅक यांची जोडी जमलेली होती. केनेडी अंगाने भरलेला, चालीला जड. पुढे जागा मिळेना.

शँकलीनंतर मॅनेजर झालेल्या बॉब पेझलीने त्याला डावीकडे मधल्या फळीत खेळवलं, आणि मला वाटतं पेझलीच्या सगळ्या कारकिर्दीतला हा सर्वांत हुशार निर्णय. कारणं खेळातली आहेत. आघाडीवर असताना केनेडीला पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू थोपवावा लागायचा. मधल्या फळीत तोच चेंडू त्याला समोरून दिसू लागला. डावा पाय उत्तम, पहिला स्पर्श मऊ, त्यामुळे वेगाची उणीव दिसेनाशी झाली. ज्याला चेंडू एका स्पर्शात काबूत घेता येतो त्याला धावून जागा काढावी लागत नाही. आणि गोल करायची सवय काही गेली नव्हती. डावीकडून आत सरकत तो गोलच्या लांबच्या खांबापाशी पोचायचा आणि तिथे त्याला धरणारं कुणी नसायचं. समोरच्या संघाचे मधले बचावपटू आपल्या दोन आघाडीवीरांना चिकटलेले, उजवा बचावपटू रेषेजवळ ओढला गेलेला, आणि उजवा मिडफिल्डर मागे धावायचा कंटाळा करणारा. या तिघांच्या मधल्या फटीत एक जुना सेंटर फॉरवर्ड उशिरा येऊन उभा राहतो. १९७५ ते १९८१ या काळात युरोपातल्या भल्या भल्या संघांना हे कळत होतं, पण थांबवता येत नव्हतं.

यूएफा कप अंतिम सामन्याचा पहिला टप्पा, २८ एप्रिल १९७६, लिव्हरपूलचं घरचं मैदान ॲनफिल्ड, समोर बेल्जियमचा क्लब ब्रुज. मध्यंतराला लिव्हरपूल ०-२ मागे. पेझलीने टॉशॅकला काढून जिमी केसला आणलं, म्हणजे एक आघाडीवीर कमी करून मधल्या फळीत एक माणूस वाढवला. पाच-सहा मिनिटांत तीन गोल झाले: केनेडी, केस, आणि कीगनची पेनल्टी. ३-२. गोल हवेत म्हणून पुढे माणसं वाढवायची नसतात, मधल्या फळीतून येणाऱ्या माणसांना वाट करून द्यायची असते. याचा यापेक्षा स्वच्छ धडा मला माहीत नाही. परतीचा सामना १-१ सुटला आणि कप आला.

मग १९७८-७९. उजवीकडे केस, मध्ये मॅकडरमट आणि सूनेस, डावीकडे केनेडी. ४२ लीग सामन्यांत ८५ गोल केले, खाल्ले फक्त १६, त्यातले ॲनफिल्डवर ४. विजयाला दोन गुण मिळायच्या काळात ६८ गुण. हे श्रेय नेहमी गोलरक्षक क्लेमेन्स आणि बचावफळीला दिलं जातं. तो बचाव चांगलाच होता, पण ४२ सामन्यांत १६ गोल एकट्या बचावफळीच्या जोरावर होत नाहीत. समोरच्याला चेंडू घेऊन वळायलाच मिळालं नाही तर असे आकडे येतात. त्या उन्हाळ्यात न्यूकॅसलकडून ॲलन केनेडी डावा बचावपटू म्हणून आला होता. आडनाव सारखं, नातं काही नाही. तो रेषेवरून सुसाट वर जायचा, रे आत सरकून मध्ये तिसरा माणूस व्हायचा. सूनेस आणि मॅकडरमट यांच्या जोडीला असा तिसरा आला की समोरच्या दोघांना काय करावं सुचत नसे. आज "आत सरकणारा विंगर" (विंगर म्हणजे बगलेवरचा खेळाडू) म्हणून ज्याचं कौतुक होतं ते हेच.

आणि म्युनिक. युरोपियन कप उपांत्य फेरी, दुसरा टप्पा, २२ एप्रिल १९८१, समोर बायर्न म्युनिक. ॲनफिल्डवर ०-० झालेलं. फिल थॉम्पसन आणि ॲलन केनेडी दुखापतीमुळे नाहीत, बचावात कॉलिन अर्विन आणि रिचर्ड मनी ही नवखी मुलं. पहिल्या दहा मिनिटांत आघाडीवीर डाल्ग्लिश जायबंदी. त्याच्या जागी आलेल्या हॉवर्ड गेलने बायर्नच्या बचावाला पळवून पळवून दमवलं. त्याला पाडायचे डाव सुरू झाले, पिवळं कार्डही मिळालं. शेवटच्या वीसेक मिनिटांसाठी पेझलीने त्याला काढून केसला आणलं. तेव्हा दोनच बदल करता यायचे, ते संपले. त्यानंतर डेव्हिड जॉन्सनच्या मांडीचा स्नायू दुखावला. म्हणजे पुढे धावू शकणारा एकही आघाडीवीर नाही आणि बाकावरचा कुणी आणता येत नाही.

पेझलीने जॉन्सनला बाजूला उभं केलं आणि रे केनेडीला पुढे पाठवलं. ८३ व्या मिनिटाला बायर्नचे बचावपटू लंगडणाऱ्या जॉन्सनकडे दुर्लक्ष करून उभे असताना त्यानेच क्रॉस टाकला. केनेडीने तो छातीवर घेतला आणि गोल केला. बायर्नच्या रुमेनिगेने शेवटी बरोबरी साधली, पण परक्या मैदानावरच्या गोलावर (एकूण बरोबरी झाली की तेव्हा असे गोल ज्याचे जास्त तो पुढे जायचा) लिव्हरपूल अंतिम फेरीत. सॅमी लीने बायर्नच्या पॉल ब्राइटनरला सामनाभर सावलीसारखं चिकटून निष्प्रभ केलं, तेही याच सामन्यात. पुढे पॅरिसला रेआल माद्रिदविरुद्ध १-० करून कप आला. मधल्या फळीतला असा माणूस मला दाखवा, जो सामना चालू असताना सेंटर फॉरवर्ड होतो आणि उपांत्य फेरी जिंकून देतो. युरोपियन कप तीन: १९७७, १९७८, १९८१. लिव्हरपूलसाठी ७२ गोल, बहुतेक सगळे मधल्या फळीतून. पुढे पार्किन्सनने त्याला ग्रासलं आणि २०२१ मध्ये तो गेला. इतकं करूनही आज "सर्वोत्तम अकरा" च्या याद्यांत त्याचं नाव शोधावं लागतं, याचा मला राग येतो.

"पण बार्न्स!" हे येणारच. जॉन बार्न्स १९८७ मध्ये वॉटफर्डकडून ९ लाख पौंडांत आला, आणि १९८७-८८ चा संघ मी पाहिलेल्या चित्रफितींतला सर्वांत देखणा लिव्हरपूल आहे. मोसमाच्या सुरुवातीपासून २९ लीग सामने अपराजित, ४० सामन्यांत ८७ गोल, नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध ५-०. बार्न्स मोठा खेळाडू होता याबद्दल वाद नाही. वाद जागेचा आहे. त्या संघात बार्न्सला मोकळीक मिळायची, कारण उजवीकडे रे हाउटन इमानदारीने मागे धावायचा आणि मध्ये स्टीव्ह मॅकमहॉन सगळं अंगावर घ्यायचा. म्हणजे डावीकडे बार्न्स हवा असेल तर उजवीकडे हाउटन किंवा इयान कॅलहन घ्यावा लागतो. त्या रचनेत जेरार्ड उजवीकडे चालत नाही. जेरार्ड उजवीकडे हवा असेल तर डावीकडे केनेडी. दोन जोड्या आहेत, एक निवडा. बार्न्स आणि जेरार्ड दोन बगलांना ठेवून सूनेसला मध्ये राबवायचं, ही यादी कागदावर छान दिसते आणि मैदानावर वीस मिनिटांत उघडी पडते. बार्न्सला पुढे न्या. १९८९-९० मध्ये त्याने लीगमध्ये २२ गोल केले. डाल्ग्लिशच्या जोडीला तो आघाडीवर हवा, मधल्या फळीत नको.

सूनेसबद्दल थोडक्यात, कारण तिथे वाद नाही. जानेवारी १९७८ मध्ये मिडल्सब्रोकडून ३,५२,००० पौंडांत आला. चार महिन्यांत वेम्बलीवर युरोपियन कप अंतिम सामन्यात डाल्ग्लिशच्या विजयी गोलचा पास त्याचा. लोकांना टॅकल आठवतात, पण मॅकडरमट धावायला सुटला की त्याच्या पायात नेमका चेंडू कोण घालायचं ते विसरतात. सीएसकेए सोफियाविरुद्ध १९८१ मध्ये त्याने मिडफिल्डमधून तीन गोल केले. १९८४ मध्ये एव्हर्टनविरुद्धच्या लीग कप अंतिम सामन्याच्या फेरलढतीतला एकमेव गोलही त्याचाच. त्याची खरी किंमत तो गेल्यावर कळली. १९८४ मध्ये तो सॅम्पडोरियाला गेला आणि पुढच्या मोसमात लिव्हरपूलला एकही करंडक मिळाला नाही. लीगमध्ये एव्हर्टन ९० गुणांवर, आपण ७७ वर.

जेरार्ड उजवीकडे का? कारण २००५-०६ मध्ये तेव्हाचा मॅनेजर राफा बेनिटेझने त्याला बहुतेक वेळा तिथेच खेळवलं आणि त्याने सगळ्या स्पर्धा मिळून २३ गोल केले. त्या वर्षीचा खेळाडूंनी निवडलेला सर्वोत्तम खेळाडूही तोच. मध्यभागी दोघांच्या जोडीत जेरार्ड जागा सोडतो. चेंडू जिथे असेल तिथे तो धावतो, मागे कोण आहे ते बघत नाही. इंग्लंडने जेरार्ड आणि लॅम्पार्ड यांना शेजारी ठेवून वर्षानुवर्षं हाच त्रास काढला. उजवीकडून आत येताना मात्र त्याची हीच सवय कामाला येते, फक्त त्याच्या मागे फिल नीलसारखा जागेवर राहणारा बचावपटू हवा. तिथे ट्रेंट अलेक्झांडर-अरनॉल्ड ठेवलात तर उजवी बाजू मोकळी पडली म्हणून समजा. उलट डावीकडे ॲलन केनेडी किंवा अँडी रॉबर्टसन यांच्यासारखा धावणारा हवा, कारण रे आत येणार. एक फुलबॅक धावणारा, एक थांबणारा. दोन्ही धावणारे घेऊ नका.

केनेडी आणि जेरार्ड दोघंही पेनल्टी क्षेत्रात शिरणारे, म्हणून एक नियम पाळावा लागतो. चेंडू उजवीकडून येत असेल तर केनेडी लांबच्या खांबाला, जेरार्ड क्षेत्राच्या कडेला. डावीकडून येत असेल तर उलट. दोघं एकाच वेळी आत गेले आणि समोरच्या गोलरक्षकाने चेंडू पकडून लगेच लांब फेकला, तर मध्ये सूनेस एकटा पडतो.

एकटा पडू नये म्हणूनच चौथा. इथे माझं उत्तर प्रतिस्पर्ध्यावर अवलंबून आहे, पण एकच नाव हवं असेल तर जागा धरून ठेवणारा डिडी हामान.

अलोन्सोच्या बाजूचा पुरावा जबरदस्त आहे, तो मी लपवत नाही. २००८-०९ मध्ये ८६ गुण, अख्ख्या लीगमध्ये फक्त दोन पराभव, दुसरा क्रमांक. उन्हाळ्यात तो रेआल माद्रिदला गेला, आणि पुढच्या मोसमात ६३ गुण आणि सातवा क्रमांक. पण त्याच्या शेजारी कोण असायचं ते पाहा. हामान, सिसोको, मास्चेरानो. लांब पासची नजर असलेल्या माणसाला चेंडू हिसकावून देणारा जोडीदार लागतोच. या संघात तो जोडीदार सूनेस झाला, तर सूनेसचा अर्धा खेळ वाया गेला. हामान असला की सूनेस सुटतो.

इस्तंबूलमध्ये, २५ मे २००५ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात, पहिल्या अर्ध्यात बेनिटेझने मध्ये जेरार्ड आणि अलोन्सो ठेवले, समोर मिलानचे पिर्लो, गट्टुसो, सीडॉर्फ आणि त्यांच्या पुढे काका. चौघांसमोर दोघं. काका दोन फळींच्या मध्ये चेंडू घेऊन आरामात वळत होता आणि मिलानचा तिसरा गोल त्यातूनच आला. मध्यंतराला आपण ०-३ मागे. मध्यंतराला फिननच्या जागी हामान, मागे तीन बचावपटू, हामान आणि अलोन्सो जागा धरून, जेरार्ड आणि लुइस गार्सिया पुढे मोकळे. (हाच गार्सिया २०१४ मध्ये कोलकात्याकडून आयएसएल खेळला.) ५४ व्या मिनिटाला जेरार्ड, ५६ व्या मिनिटाला श्मित्सर, ६० व्या मिनिटाला अलोन्सो. लोक जेरार्डचा हेडर आठवतात. तो हेडर मारायला जेरार्ड तिथे जाऊ शकला, कारण मागे हामान होता. ३-३ झाल्यावरच्या पेनल्टी शूटआउटमधली आपली पहिली पेनल्टीही हामाननेच मारली.

घरच्या मैदानावर दहा माणसं मागे ठेवून बसणारा संघ समोर असेल तर हामान काढून अलोन्सो घ्या. तिथे हिसकावायला काही नसतं, बंद दार उघडणारा पास लागतो.

आता राहिलेलं. १९९२ मध्ये गोलरक्षकाकडे मागे दिलेला पास हाताने पकडायला बंदी आली, त्याआधीच्या संघांना वेळ काढणं आणि दबावातून सुटणं सोपं होतं. सूनेस आणि केनेडीच्या काळचे आकडे वाचताना ते लक्षात ठेवावं लागतं. १९७० च्या दशकातली मैदानं हिवाळ्यात चिखल व्हायची, हे उलट बाजूने धरायचं. त्यावर अचूक पास देणं आजच्यापेक्षा कठीण. सूनेसचे काही टॅकल आजच्या नियमांत लाल कार्ड ठरतील, त्याला सवय बदलावी लागेल.

मॅनेजर क्लॉपच्या काळातल्या फाबिन्यो, हेंडरसन आणि वायनाल्डम यांना मी डावललं असं वाटेल. २०१९ मध्ये बार्सेलोनाविरुद्ध ४-० च्या रात्री मध्यंतराला येऊन वायनाल्डमने दोन मिनिटांत केलेले दोन गोल कोण विसरेल! पण ती तिघांची फळी फुलबॅकना मोकळं सोडण्यासाठी बांधलेली होती, गोलच्या संधी अरनॉल्ड आणि रॉबर्टसन बनवायचे. त्यातला एखादा उचलून चारांच्या फळीत बसवला तर त्याचं काम बदलतं. फाबिन्यो मात्र हामानच्या जागी मला चालेल.

बाकावर कॅलहन हवाच. ८५७ सामने, क्लबचा विक्रम. विंगर म्हणून सुरुवात करून, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो मध्यभागी खेळू लागला. त्यामुळे जेरार्ड दमला तर उजवीकडे आणि सूनेसला कार्ड मिळालं तर मध्ये, दोन्हीकडे तो चालतो. त्याच्या जोडीला रॉनी व्हीलन, कारण तोही डावीकडे आणि मध्ये दोन्ही जागी खेळलेला, आणि १९८२ व १९८३ च्या लीग कप अंतिम सामन्यांत त्याने निर्णायक गोल केलेत. अलोन्सो तिसरा. पेनल्टी जेरार्डच्या, तो नसेल तर यान मॉल्बीला चौथा राखीव म्हणून घ्या आणि डोळे मिटून चेंडू त्याच्या हातात द्या.